दोनशे अडुसष्टातला पहिला

पोटाचा डॉक्टर पेशंटला ठाऊक असतो. ऑपरेशन करणारा तर काय, देवच. पण पोटातून काढलेला तुकडा बघून 'हे आहे तरी काय' ते ठरवणारं माणूस कुणाला दिसत नाही. ते तळघरात बसतं, मायक्रोस्कोपला डोळे लावून. डॉ. पद्मजा मगदूम मिरजेच्या कृष्णाकाठ कर्करोग रुग्णालयात अशा तीस वर्षं बसल्या. अन्ननलिका, जठर, आतडी, यकृत. माणूस जे खातो ते ज्या वाटेनं जातं त्या सगळ्या वाटेवरचे कॅन्सर त्यांनी पाहिले. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही कसल्या हो डॉक्टर?" तर म्हणायच्या, "रिपोर्टच्या." विचारणारा तेवढ्यावर गप्प बसायचा आणि दुसऱ्या, खऱ्याखुऱ्या डॉक्टरकडे वळायचा.

आपल्या व्यवसायातल्या लोकांत मात्र त्यांचं नाव होतं. वैद्यकीच्या पुस्तकांत 'मगदूम नियम' शिकवला जात होता, परीक्षेला येत होता. आता दोन हजार त्रेचाळीस साल चालू होतं, बाई बासष्टाच्या झाल्या होत्या, निवृत्तीला महिना उरला होता आणि निरोपाच्या व्याख्यानाचा विषय तोच ठरला होता. अहो, आयुष्यभर एकच गोष्ट नीट केली असली की माणूस शेवटी तीच सांगणार.

हा नियम काय, ते आधी सांगायला हवं. नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

पोटात दुखतं म्हणून दुर्बीण घालतात आणि जठराचे पाच-सहा तुकडे चिमटून काढतात. तांदळाच्या कणीएवढे. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काही नाही. ते तुकडे मेणाच्या वडीत बसवतात आणि त्या वडीचे काप काढतात. एकेक काप माणसाच्या केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा पातळ. असा काप सुरकुततो, म्हणून तो कोमट पाण्याच्या टबात सोडतात. पाण्यावर तो पसरला की खालून काच घालून अलगद उचलायचा. मग त्याला रंग द्यायचा आणि डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवायचा.

गोम आहे ती त्या टबात. टब एकच, आणि सगळ्या पेशंटचे काप त्यातच एकामागून एक सोडायचे. पाणी वेळेवर बदललं नाही तर आधीच्या पेशंटचा एखादा कण तरंगत राहतो आणि पुढच्याच्या काचेवर जाऊन बसतो. म्हणजे शेजाऱ्याचा कॅन्सर तुमच्या काचेवर. पद्मजाबाईंच्या लॅबमध्ये अशा कणाला 'पाहुणा' म्हणायचे. आता हा पाहुणाच कशावरून? घरचा माणूस पाहुणा म्हणून हाकलला तर पेशंट जिवाला मुकतो. पाहुण्याला घरचा मानलं तर धडधाकट माणसाचं पोट कापलं जातं.

पद्मजाबाईंनी यासाठी तीन प्रश्न घालून दिले. त्या दिवशी टबात तशाच चेहऱ्याचा कॅन्सर आधी गेला होता का? मेणाची वडी आणखी खोल कापली तर तो कण नाहीसा होतो का? आणि काचेवर तो बाकीच्या तुकड्यांपासून फटकून, कडेला बसलाय का? तिन्हींना 'हो' आलं तर पाहुणा. हाच मगदूम नियम. पुस्तकात त्याच्याबरोबर एक फोटो असतो: डावीकडे पाच निरोगी तुकडे, उजव्या कोपऱ्यात एक कण, आणि खाली ओळ, 'पहिली केस. टबातील पाण्यातून आलेला पाहुणा'.

गेल्या वीस वर्षांत बाईंनी असे दोनशे अडुसष्ट पाहुणे नोंदले होते. त्या सगळ्यांच्या काचा जपून ठेवल्या होत्या.

आता यंत्राकडे येऊ. दोन वर्षांपूर्वी ते रुग्णालयात आलं. इतके दिवस अडचण अशी होती की कण बारीक, त्यातली जनुकं औषधात मुरून चुरा झालेली, आणि ती वाचायला कण खरवडून काढावा लागे. काच गेली, पुरावा गेला, हाती बहुधा काहीच नाही. नवं यंत्र कणाला हात लावत नव्हतं. काचेवरूनच प्रकाशाच्या किरणानं एकेका पेशीतला चुरा जागच्या जागी वाचायचं, शेकडो तुकड्यांची अक्षरं जुळवायचं आणि सांगायचं, हा कण अमक्याचा. तीसेक पेशी असल्या की पुरे. यंत्राचं नाव लांबलचक होतं. लॅबमधल्या पोरींनी त्याला 'तलाठी' म्हणायला सुरुवात केली, कारण कुठला तुकडा कुणाच्या नावावर ते तो सांगायचा. त्यातून निघणाऱ्या कागदाला मग आपोआपच 'सातबारा' नाव पडलं.

तलाठी आला आणि भल्याभल्यांची झोप उडाली. तोवर जुनी शंका ही जुनीच राहायची. कुणी विचारलं तर 'आता काय सांगणार' म्हणून खांदे उडवता यायचे. आता सांगता यायला लागलं. तशी कितीतरी रुग्णालयांना एकाएकी जागा अपुरी पडायला लागली आणि दहा वर्षांपूर्वीच्या मेणाच्या वड्या भंगारात निघाल्या. पद्मजाबाईंनी आपल्या वड्यांना हात लावू दिला नाही. "आम्हाला काय लपवायचंय?" असं त्या मीटिंगमध्ये ठणकावून म्हणाल्या होत्या.

तलाठी चालवायच्या डॉ. शाल्मली तांबवेकर, पस्तिशीच्या, बाईंच्याच हाताखाली तयार झालेल्या. निरोपाची भेट म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं, की मॅडमचे दोनशे अडुसष्टच्या दोनशे अडुसष्ट पाहुणे तलाठ्याकडून तपासून घ्यायचे आणि निकाल व्याख्यानात मॅडमच्या हातात द्यायचा. नावं झाकलेली, नुसते नंबर. तीन आठवडे काम चाललं.

एका सकाळी शाल्मली बाईंच्या खोलीत आल्या. हातात सातबाऱ्यांचा गठ्ठा होता.

"मॅडम, व्याख्यानातच देणार होते. पण आधी तुम्हाला दाखवलेलं बरं," त्या म्हणाल्या. "दोनशे सदुसष्ट बरोबर. नव्याण्णव पूर्णांक सहा टक्के. कुठल्या नियमाला इतके मार्क मिळतात?"

"आणि एक?"

"एक चुकला. तो कण त्याच पेशंटचा होता."

"नंबर काय?"

"एक नंबर. फोटोतली केस."

पद्मजाबाईंनी कागद हातात घेतला. नाव झाकलेलं असलं तरी त्यांना ते पाठ होतं. जैबून दस्तगीर शिकलगार.

दस्तगीर शिकलगार म्हणजे या लॅबचा काप काढणारा माणूस. पिढीजात धार लावणाऱ्यांच्या घरातला. पाती विकतची यायला लागण्याआधी मशीनची सुरी ते स्वतः पाजळत, आणि त्यांनी काढलेल्या कापाला कधी ओरखडा नसायचा. जैबून त्यांची बायको. पद्मजाबाईंची मुलगी लहान असताना दुपारभर जैबुनभाभींच्या घरी असायची. तिला पहिल्यांदा उभं राहताना पाहिलं ते भाभींनी, आईनं नाही. बाईंना त्याचा हेवा वाटायचा आणि आधारही.

एकवीस वर्षांपूर्वी भाभींच्या पोटात दुखायला लागलं. तुकड्यांची बाटली दस्तगीरभाईंनी स्वतः आणली, काप स्वतः काढले. काचेवर पाच तुकडे साध्या सुजेचे होते. सहावा कण कोपऱ्यात होता आणि त्यात कॅन्सर होता. बाईंनी काच पुन्हा पहिल्यापासून बघितली. मग त्यांना आठवलं, त्याच सकाळी एका माणसाच्या काढून टाकलेल्या अख्ख्या जठराचे काप त्याच टबातून गेले होते, आणि त्याचा कॅन्सर असाच दिसत होता. वडी खोल कापून घेतली, तर कण नाही. कडेला होता, फटकून होता. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. खरं सांगायचं तर त्यांना तेच उत्तर हवं होतं. माया आंधळी असते म्हणतात. इथं तर ती मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली होती.

"दस्तगीरभाई, पाणी बदलत जा हो," त्या म्हणाल्या होत्या. "केवढी घाबरले मी."

"बदललं होतं की मॅडम. त्या मोठ्या केसनंतर लगेच."

"मग हा कण आला कुठून?"

दस्तगीरभाईंनी हातातला काचांचा ट्रे खाली ठेवला होता. मग म्हणाले, "चुकलं असंल माझं." आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा फुलला होता, कारण त्यांची चूक म्हणजे बायको ठणठणीत. असा आनंदानं गुन्हा कबूल करणारा माणूस बाईंनी त्याआधी पाहिला नव्हता.

चौदा महिन्यांनी भाभींना अन्न खाली उतरेना. जठराच्या वरच्या भागात गाठ होती, पसरलेली. त्या दिवशी दस्तगीरभाईंनी एकदाच विचारलं, "मॅडम, तो कण तिचाच तर नव्हता?" बाईंनी काच पुन्हा काढली, पुन्हा तेच तीन प्रश्न विचारले. आधीचे तुकडे जठराच्या खालच्या भागातले होते, गाठ वर होती. "नाही हो," त्या म्हणाल्या, "तो तुमच्या पाण्यातलाच." भाभी पुढच्या उन्हाळ्यात गेल्या.

त्यानंतरच तर बाईंनी पाहुण्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. मनात एक शंका कुरतडत होती, तिचं तोंड बंद करायला त्यांनी नियम बांधला. पुढचा प्रत्येक पाहुणा नियमात बसला की जरा बरं वाटायचं. आणि गंमत बघा, नियम खरा निघाला. ज्या एका केससाठी बांधला, तेवढी सोडून.

"तिचाच होता. चिमटा वरूनच तर खाली जातो, जाता-येता वर लागला असणार," त्या आता शाल्मलींना म्हणाल्या, आणि कुणाची केस ते सांगितलं.

शाल्मली दस्तगीरभाईंच्या हाताखाली काप काढायला शिकल्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढली. मग म्हणाल्या, "मॅडम, एक बोलू? आपण काही लपवत नाहीये. पेपरात लिहू, दोनशे अडुसष्टपैकी एक अपवाद, सगळे आकडे खरे. पुस्तकातला फोटो काढून दुसरा घालू. नाव कुठंच येत नाही. भाईंना सत्तरी आली, भाभींना जाऊन वीस वर्षं झाली. आता सांगून त्यांना काय मिळणार?"

सल्ला वाईट नव्हता. उलट इतका शहाणा होता की बाई दोन दिवस त्यातच राहिल्या. विज्ञानाशी खोटं बोलायचं नव्हतंच. खोटं राहणार होतं ते फक्त एका माणसाशी. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तर आकडेवारीनं झाकलेली, कुणाला संशयसुद्धा यायचा नाही. बाईंनी व्याख्यानाची टिपणंही काढायला घेतली. 'एक अपवाद' असं लिहिलं. मग त्यांना दस्तगीरभाईंचे नंतरचे दिवस आठवले. त्या प्रकारानंतर तो माणूस दर कापानंतर टब रिकामा करायचा. दर कापानंतर. काम दुप्पट वेळ चालायचं, पोरं हसायची, "भाई, गंगा आणा आता!" आणि बाई सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या, यांच्यासारखं पाणी बदलायला शिका. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, हे ठाऊक होतं. इथं चोरानं संन्याशाचं वर कौतुकही केलं होतं. बाईंनी टिपणं बाजूला सारली.

दस्तगीरभाईंचं आता मिरजेच्या बाजारात बोळकंडीएवढं दुकान होतं. शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावायचे. बाईंना बघून त्यांनी चाक थांबवलं आणि स्टूल फडक्यानं पुसलं.

"या मॅडम. व्याख्यानाचं आमंत्रण ना? शाल्मलीबाईंचा फोन आलता. नवी टोपी घेऊन ठेवलीय."

"भाई, मी दुसऱ्याच कामाला आलेय." घरातून निघताना बाईंनी चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. "भाभींच्या त्या पहिल्या काचेवरचा कण. तुम्ही विचारलं होतंत. तो त्यांचाच होता. नवीन यंत्रानं सांगितलं. पाण्यातला नव्हता. तुमची चूक नव्हती, माझी होती."

शेजारच्या दुकानात कुणीतरी हातगाडीवाल्याशी भाव करत होतं. दस्तगीरभाईंनी हातातली कात्री उघडली, मिटली, खाली ठेवली.

"यंत्र चुकत असंल," ते म्हणाले.

"तीनदा तपासलं."

"पाणी मी बदललं होतं."

"हो. बदललं होतं."

"मी बोललो होतो तसं."

"बोलला होतात. मी ऐकलं नाही. मला तसंच हवं होतं, भाई. भाभींना काही नसावं असं वाटत होतं. म्हणून तुमच्यावर ढकललं आणि मोकळी झाले."

त्यांना वाटलं होतं, भाई चिडतील, रडतील, नाहीतर मोठ्या मनानं 'जाऊ द्या मॅडम' तरी म्हणतील. यातलं काहीच झालं नाही. भाई बोळाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला दाखवा."

"काय?"

"तो कण. मला बघायचाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लॅबमध्ये आले. जुने लोक उठून उभे राहिले. बाईंच्या खोलीत दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप असतो. एका बाजूनं डॉक्टर बघतो, समोरून शिकणारा. या खोलीत भाई पस्तीस वर्षं काचांचे ट्रे घेऊन आले, ठेवले, परत गेले. बाहेरच्या टेबलावर रंग नीट चढलाय का एवढं ते तपासायचे; पण आतल्या त्या दुसऱ्या खुर्चीवर त्यांना कुणी कधी बसा म्हटलं नव्हतं. ती डॉक्टरांची खुर्ची होती. लाखांनी काप काढले, आणि त्या कापात काय दिसतं ते या माणसाला कुणी दाखवलं नव्हतं. बाईंच्या हे आत्ता, त्यांना खुर्ची पुढे करताना लक्षात आलं, आणि त्यांना शरम वाटली.

"इथं डोळे लावा. फिरवून जमवा तुमच्या नजरेला."

भाईंनी चष्मा काढला. बाईंनी काच सरकवली. "हे गुलाबी दिसतंय ना, ते जठराचं अस्तर. हे चांगलं आहे. आता उजवीकडं जाऊ." काच हळूहळू सरकली. "ह्या बघा. गोल गोल पेशी, आणि निळा ठिपका एका बाजूला ढकललेला. अंगठीचा खडा असतो तसा."

"ह्याच?"

"ह्याच."

भाई बघत राहिले. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर, आणि दोघं एकाच जागी बघत होते. दहा मिनिटं तरी गेली असतील. बाहेर शाल्मलींनी दार ओढून घेतलं.

"किती आहेत?"

"चाळीसेक."

"एवढ्याच." भाईंनी डोळे काढले नाहीत. "मॅडम, तेव्हा कळलं असतं, तर वाचली असती?"

बाईंनी हा प्रश्न आयुष्यात हजारदा ऐकला होता आणि त्याचं उत्तर त्यांच्या व्यवसायात ठरलेलं आहे: सांगता येत नाही. ते खोटंही नसतं. त्या दिवशी ते त्यांच्या जिभेवर आलंच होतं. पण त्यांनी या जठराच्या कॅन्सरवरच उभा जन्म काढला होता. चौदा महिन्यांत काय होतं, आणि त्याआधी हात घातला तर काय होऊ शकतं, हे मिरजेत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "बहुतेक वाचल्या असत्या."

भाईंचे खांदे हलले. ते रडत होते, आणि डोळे मायक्रोस्कोपलाच होते, त्यामुळं पाणी त्यांच्या बाजूच्या भिंगावर उतरलं असणार. बाई समोरून बघत राहिल्या. त्यांच्या भिंगातून पेशी स्वच्छ दिसत होत्या. उठून भाईंच्या जवळ जावं असं त्यांना फार वाटलं, पण तो आपला हक्क नाही हेही कळत होतं.

बऱ्याच वेळानं भाई मागं टेकले. खिशातून रुमाल काढून त्यांनी आधी भिंग पुसलं, मग डोळे.

"व्याख्यानात काय सांगणार?"

"हेच. आणि नियम बदलणार. तिन्ही उत्तरं 'हो' आली तरी पेशंटला परत बोलवायचं, परत तुकडे काढायचे. यंत्र असो-नसो. तुमची परवानगी असेल तर भाभींचं नाव घेईन. नसेल तर नाही."

"नाव घ्या. पुरं घ्या. एक नंबर, एक नंबर म्हणत आली तिला ती पुस्तकं." मग त्यांनी विचारलं, "माझं काय सांगणार?"

"त्यांनी खरं सांगितलं होतं, असं."

भाईंनी मान हलवली. चष्मा लावला, टोपी नीट केली. उठले मात्र नाहीत.

"मॅडम, माझ्या पाण्यामुळं दुसऱ्याचा कॅन्सर हिच्या काचेवर आला, तो अपशकुनच झाला, असं मला वाटायचं. हिच्या मरणाला माझाच हात लागला असं. स्वतःला माफ करायला मला वीस वर्षं लागली. गेल्या वर्षा-दोन वर्षांत कुठं झोप यायला लागलीय." त्यांनी बाईंकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "तुमच्यासाठी अशी वीस वर्षं आता माझ्याकडं नाहीत. तेव्हा तुमचं जरा लवकर उरकावं लागेल मला. पण आज नाही."

"नको," पद्मजाबाई म्हणाल्या. "आज नको."

"हं." भाईंनी चष्मा पुन्हा काढला आणि डोळे भिंगाला लावले. "त्या उजवीकडच्या कोपऱ्यात न्या जरा. परत एकदा बघू दे."